गीतचित्रफितीची शैली आणि प्रकारसंकेत



मागील घटकात आपण ओवी, अभंग, पोवाडा आणि लावणी यांचे आकृतिबंध अभ्यासले. प्रत्येक रचनाप्रकाराबरोबर काही संकेत येतात आणि ते रचनाकाराला जितके बांधतात तितकेच श्रोत्यालाही बांधतात, हे तेथे आपल्या लक्षात आले असेल. डफावर पहिली थाप पडली की पोवाड्याचा श्रोता वीरकथेसाठी सरसावून बसतो. शाहिराने त्या वेळी विरहव्यथा आळवली तर त्याला ती अस्थानी वाटेल. हाच विचार या घटकात गीतचित्रफितीला लावून पाहायचा आहे.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि गीतचित्रफीत हा स्वतंत्र प्रकार म्हणून ओळखला जाऊ लागला, असे सामान्यतः सांगितले जाते. आपल्याकडे मात्र गाणे डोळ्यांनी पाहण्याची सवय चित्रपटाने त्यापूर्वीच लावली होती. म्हणून चित्रपटगीताचे दृश्यरूपही आपण या चर्चेत घेणार आहोत.

चित्रफितीतील दृश्ये गीताच्या शब्दांवरून सुचतात, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. शब्द कानी पडण्यापूर्वीच गीताचा प्रकार दिग्दर्शकाला बरेच काही सांगून जातो: प्रकाश किती असावा, पोशाख कोणता, नाचणारे किती, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रेक्षकाला कोठे बसवायचे. या शेवटच्या प्रश्नावर आपण अधिक रेंगाळणार आहोत.

लावणीपासून आरंभ करू. बैठकीच्या लावणीत गायिका बसून, मोजक्या जाणकारांसमोर अदाकारी करते. एकाच ओळीचा भाव ती चेहऱ्याने आणि हातांनी अनेक परींनी उलगडते. फडाच्या लावणीला रंगमंच असतो, समोर मोठा समुदाय असतो. मराठी चित्रपटाने मुख्यतः ही दुसरी लावणी उचलली. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२) आणि ‘नटरंग’ (२०१०) हे चित्रपट लागोपाठ पाहिले तर काळ बदलला, रंग बदलले, छायाचित्रणाचा वेग वाढला, तरी मांडणीचा सांगाडा ओळखीचाच राहिल्याचे दिसेल. नर्तकी समोर तोंड करून उभी असते. ढोलकीचा तोडा आला की दृश्य पायांतील चाळांकडे वळते. मधूनच फेटेवाल्या प्रेक्षकांचे चेहरे दाखवले जातात. हे चेहरे काढून टाकले तर काय उरेल, याचा विचार करा. लावणीला दाद देणारा कोणीतरी समोर हवाच असतो, आणि चित्रपटगृहातील प्रेक्षकाने कसे पाहावे, याचा जणू धडाच ते फेटेवाले देत असतात. बैठकीच्या लावणीतील संयत अदा चित्रपटात तुलनेने कमी उतरली, याचे एक कारण हेही असावे. तिला निकटचा, न हलणारा कॅमेरा हवा आणि तो धीर थोड्यांनाच असतो.

लावणीला ‘समोर’ आहे. सर्वच लोकगीतांना तो असतो असे नाही. हे समजून घेण्यासाठी वसई तालुक्यातील सातिवली हे गाव नकाशावर शोधा. एका अंगाला तुंगारेश्वरचे जंगल, दुसरीकडे वसई पूर्वेच्या कारखान्यांचे गाळे. पश्चिमेस किनाऱ्यावर कोळीवाडे आणि वसईचा किल्ला. पूर्वेस आणि उत्तरेस वारली पाडे. निरनिराळ्या गीतपरंपरा येथे एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर नांदतात.

यांपैकी कोळीगीताचे दृश्यरूप सर्वांत परिचित. शान्ता शेळके यांनी लिहिलेले, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेले ‘मी डोलकर’ हे गीत प्रथम कानांनीच ऐकले गेले. ध्वनिमुद्रिकेवर समुद्र दाखवायचा नव्हता, म्हणून लयीलाच लाटांचे काम करावे लागले. पुढे दूरदर्शन आणि चित्रफिती आल्या, तेव्हा लयीने केलेले ते काम पोशाखाकडे गेले: सुरका, टोपी, लुगडे, वेणी, हातात वल्हे, दोन रांगांतील नाच. इतक्या खुणा दिसल्या की कोळी ओळखू येतो. शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत हा संकेत पोहोचला आणि मासेमारीचे कष्ट, जाळी विणणाऱ्या बोटांच्या भेगा त्यातून वगळल्या गेल्या.

मात्र येथे घाईने निवाडा करू नका. अलीकडे आगरी आणि कोळी समाजांतील तरुण स्वतःच चित्रफिती तयार करतात. त्यांतही तेच पोशाख असतात, तेच किनारे असतात, कार्ल्याच्या एकविरेच्या पायऱ्या असतात. भर पडते ती दागिन्यांची, सजवलेल्या बोटींची आणि आकाशातून टिपलेल्या बंदराची. संकेत जुना, पण आता तो मिरवणारा माणूस स्वतःचे नाव लावून उभा आहे. बाहेरच्याने चढवलेला वेश आणि घरच्याने हौसेने नेसलेला वेश यांत शैलीच्या दृष्टीने फारसा फरक दिसणार नाही. अर्थाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

हळदीच्या गाण्यांत मात्र काही गमावल्याची जाणीव होते. आगरी समाजातील लग्नविधींत धवलारीण धवले गाते. ते गायन संथ, लांबलचक असते आणि विधीचाच भाग असते. त्याला प्रेक्षक नसतो, घरची माणसे असतात. हळदीची चित्रफीत बेंजोच्या ठेक्यावर, मांडवातील नाचावर उभी राहते. तिच्या प्रकाराला धवला मानवत नाही, कारण त्याच्या आवर्तनांत दर दोन क्षणांनी बदलता येईल असे दृश्यच नाही. धवलारीण त्या दृश्यचौकटीत मावत नाही, म्हणून ती तेथे दिसत नाही.

आता बाहेरून आलेले उदाहरण घेऊ. कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ‘हिम फॉर द वीकएंड’ (२०१६) या गीताच्या चित्रफितीचा काही भाग वसईच्या किल्ल्यात चित्रित झाला. रंगांची उधळण, साधू, हसरी मुले, मोर असा पाश्चात्त्य चित्रफितींतील ‘भारत’ नावाचा एक ठरीव प्रकारच झाला आहे. त्या प्रकाराला पडक्या भिंती लागतात. भिंत कोणाची हे लागत नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला तेथे नुसता ‘प्राचीन अवशेष’ होऊन बसतो. यात द्वेष नाही, दुर्लक्षही कदाचित नसेल. प्रकाराच्या गरजेने वास्तूचा इतिहास गाळून घेतला, एवढेच. पण वसईत वाढलेल्या विद्यार्थ्याला तो गाळ कोठे गेला, हे विचारण्याचा अधिकार आहे.

सर्वांत अवघड प्रश्न तारपानृत्याचा. तारपा वाजवणारा मध्ये असतो. एकमेकांच्या कमरेत हात गुंफून नाचणारे त्याच्याभोवती फिरतात आणि सर्वांचे ध्यान त्या वाद्याकडे असते. या वर्तुळाला ‘समोर’ नाही. बाहेर उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला बहुधा पाठीच दिसणार. मग आयोजक वर्तुळ उघडतात, नाचणाऱ्यांची अर्धगोल रांग करून त्यांना कॅमेऱ्याकडे वळवतात. दृश्य देखणे होते, नृत्याची रचना मात्र मोडते. वारली चित्रकारांनी हेच नृत्य वरून पाहिल्यासारखे, वेटोळ्याच्या रूपात रंगवले. अंतर्मुख नृत्याला बाहेरून पाहण्याचा प्रश्न त्यांनी भिंतीवर केव्हाच सोडवला होता.

वारली स्वराला चित्रफितीत वेगळी वाट मिळाली ती अनपेक्षित ठिकाणी. २०१९ मध्ये ‘स्वदेशी’ या मुंबईच्या हिपहॉप गटाने आरेच्या जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत सादर केले. आरेतील झाडांच्या तोडीवरून शहरात वाद पेटला होता, तो हा काळ. हिपहॉपचा उगम न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला, पण त्याचा एक संकेत येथे नेमका उपयोगी पडला: गाणाऱ्याने आपली वस्ती सांगावी, आपल्या माणसांसह उभे राहावे आणि थेट बोलावे. ‘आम्ही येथले आहोत’ हे विधान त्या प्रकारात अलंकार नसते, गाण्याचा कणाच असते. ज्या समाजाचा जमिनीवरचा हक्कच वादात आहे, त्याच्या तोंडी ते येते तेव्हा परका संकेतही आपला होतो. कोळीगीताचा ओळखीचा वेश वारल्यांना असे बोलू देऊ शकला नसता.

स्वाध्याय

आपल्या परिसरातील एखाद्या लग्नात, उत्सवात किंवा जत्रेत गायले जाणारे एक गीत प्रत्यक्ष ऐका. त्याच प्रकारच्या गीताची एक चित्रफीत आवाज बंद करून दोनदा पाहा. दृश्यांवरूनच गीताचा प्रकार ओळखता येतो का, कोणत्या खुणेवरून, हे लिहा. नंतर प्रत्यक्ष गायनात उपस्थित असलेली पण चित्रफितीत नसलेली माणसे कोण, याची नोंद करा आणि ती तेथे का नसावीत याविषयी सुमारे दोनशे शब्दांत आपले मत मांडा. शक्य असल्यास हा मजकूर त्या गाणाऱ्यांपैकी एकाला वाचून दाखवा आणि त्यांचा अभिप्राय त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या.