जात्यावरची ओवी आणि शाळेतील मूल

बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. इतकी जुनी ही परंपरा कोणी मुद्दाम मोडली नाही. गावात पिठाची गिरणी आली, पहाटेचे दळण थांबले आणि दळणाबरोबर ओवीही मूक झाली. आता ती कानी पडते ती बहुधा लग्नघरी हळद दळताना.

साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या पुस्तकात स्त्रियांच्या ओव्या संग्रहित केल्या. पुढे गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. तथापि कागदावरची ओवी पुन्हा जिवंत होते ती नव्या कंठात गेल्यावरच. हे कार्य मूल सहज करू शकते. कारण परक्यापुढे संकोचणारी आजी नातवंडापुढे मोकळी होते.

“आजी, ओवी सांग,” असे मुलाने नुसते म्हटले, तर “आता कुठली आठवते रे बाळा!” असे उत्तर येण्याचा संभव असतो. ती टाळाटाळ नव्हे. ओवी हाताच्या लयीशी बांधलेली असते. म्हणून मुलाने अडगळीतील जाते पुसून मांडावे, आजीसमोर बसून खुंट्याला हात लावावा, मूठमूठ दाणे घालावेत. जाते फिरू लागले म्हणजे विसरलेले शब्द ओठांवर येऊ लागतात.

शिक्षकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. मुलगे व मुली या दोघांनाही हे काम द्यावे.

२. ओवी आजीच्या बोलीतच लिहून घ्यावी. ‘व्हतं’चे ‘होते’ करू नये. तसे केल्यास चालही मोडते.

३. ओवीत माहेरच्या ओढीइतकेच सासुरवासाचे दुःखही असते. आजी गप्प झाली, तर मुलाने आग्रह धरू नये. वर्गात म्हणून दाखविण्यापूर्वी तिची संमती घ्यावी.

४. दळणाचे कष्ट परत आणणे हा हेतू नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. गिरणीमुळे स्त्रियांचे श्रम वाचले, हे चांगलेच झाले. राखावयाचे आहे ते त्या श्रमांतून उमललेले काव्य.

शेवटी एके दिवशी आज्यांना शाळेत सन्मानाने बोलवावे व ओसरीवर जाते मांडावे. वहीत किती ओव्या भरल्या, यावरून पाठाचे मोल ठरवू नये. मुलाने एकच ओवी चालीसह म्हटली आणि आजीने तिला दुसरी जोडली, म्हणजे पाठ साधला असे समजावे.