टाकलेली वस्तू आणि झाकलेले गुपित

घराबाहेर टाकलेला कचरा कोणाच्या मालकीचा? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु खाजगी गुप्तहेरांना फाडलेली पत्रे, बँकेचे कागद आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांतूनच माणसाचे जीवन वाचता येते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ग्रीनवुड खटल्यात याचा विचार केला. कॅलिफोर्नियातील पोलिसांनी रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या कचऱ्याच्या पिशव्या वॉरंटविना तपासल्या होत्या. जी पिशवी कोणीही उघडू शकतो, तिच्याबाबत खाजगीपणाचा दावा टिकत नाही, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मात्र विरोधी मत नोंदविले. बंद पिशवीतून माणसाच्या अत्यंत खाजगी गोष्टी उघड होतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

इस्लामी धर्मशास्त्र येथे दोन प्रश्न वेगळे करते. पहिला मालकीचा. हरवलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास वर्षभर जाहीर करून मालकाचा शोध घ्यावा, अशी हदीसची शिकवण आहे. मालकाने स्वेच्छेने टाकून दिलेल्या वस्तूचे तसे नाही. ती उचलून वापरणे वैध आहे. भंगार वेचून पोट भरणाऱ्याची कमाई म्हणूनच हलाल ठरते.

दुसरा प्रश्न प्रतिष्ठेचा. माणसाने कागद टाकला, म्हणजे आपली अब्रू टाकली असे होत नाही. सूरह अल्-हुजुरातच्या बाराव्या आयतीत अतिसंशय, हेरगिरी आणि पाठीमागील निंदा या तिन्हींची एकत्र मनाई आहे. क्रमही विचार करण्याजोगा आहे: संशयातून हेरगिरी जन्मते आणि हेरगिरीतून निंदा. जो लोकांचे दोष शोधत फिरतो, त्याचे दोष अल्लाह उघडे पाडतो, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा इशारा आहे.

मग शोध सर्वस्वी निषिद्ध आहे काय? नाही. कोणाची हत्या होणार असल्याची विश्वसनीय खबर मिळाली, तर शोध घेता येतो, असे इमाम मावर्दी यांनी लिहिले आहे; कारण उशीर झाल्यास झालेली हानी भरून निघत नाही. परंतु विवाहासाठी आलेल्या स्थळाचे दोष हुडकणे किंवा शेजाऱ्यावर पाळत ठेवणे या सवलतीत बसत नाही.

वाचकहो, कोणाचे गुपित अनवधानाने आपल्या हाती लागले, तर ते झाकावे. दुसऱ्याचे दोष झाकणाऱ्याचे दोष कयामतच्या दिवशी अल्लाह झाकील, असे आश्वासन आपल्याला दिलेले आहे. कायदा हात कोठवर जाऊ शकतो ते सांगतो. श्रद्धा तो कोठे आवरावा हे शिकविते.