'जातो' की 'जाते'?

'आपण मुलगा की मुलगी?' हे शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर बसून बोलू नये, हा पहिला कानमंत्र. तिथे अर्धं दादर बसलेलं असतं आणि उरलेलं अर्धं फेऱ्या मारता मारता ऐकत असतं. चल, समुद्राच्या बाजूला जाऊ. महापालिकेच्या रुग्णालयातून मी समाजसेविका म्हणून निवृत्त झाले. ओपीडीबाहेरच्या बाकावरच्या मुलामुलींकडून जे शिकले, तेच तुला सांगते.

शरीर एक सांगतं, आत आपण दुसरेच आहोत असं वाटतं आणि त्या ओढाताणीने जीव नकोसा होतो, त्याला डॉक्टर जेंडर डिस्फोरिया म्हणतात. नाव देण्याची घाई नको. आधी आपल्या बोलण्यावर लक्ष ठेव. मराठीत 'मी' म्हटलं की पुढे बाई की पुरुष ते बहुतेकदा उघड करावंच लागतं. ज्यांना ते टोचतं ती माणसं नकळत पळवाटा काढतात. 'मी जेवलो' नाही, 'मी जेवले' नाही. 'माझं जेवण झालं'. 'निघतो' नाही, 'निघते' नाही, 'मला निघायचंय'. इंग्रजीत तोंड मोकळं सुटतं आणि घरी आलं की गप्प बसावंसं वाटतं, हेही त्यातलंच असू शकतं. तर इथे लाटांच्या आवाजात क्रियापदाचं दुसरं रूप लावून चार वाक्यं स्वतःशी बोल. पहिल्यांदा हसू येईल, लाज वाटेल. त्यावरून काही ठरवू नकोस. दोन-चार दिवसांनी पुन्हा बोल. हायसं वाटलं तर वहीत लिही. काहीच वाटलं नाही, तर तेही लिही. काहींना दोन्ही टोचतात; त्यांचंही काही चुकलेलं नसतं.

बहुतेक जण नुसता त्रास मोजतात. त्रासाला शंभर कारणं असतात गं बाई! चौदाव्या वर्षी आरसा कोणाला आवडतो? पोहायच्या तलावावर कपडे बदलायची लाज जाड्या मुलांनाही वाटते. पण वजन उतरलं की बरं वाटेल असं वाटणं वेगळं, आणि कितीही बारीक झालं तरी ही छातीच नको, हा आवाजच माझा नाही, असं वाटणं वेगळं. म्हणून दुखतं कशाने याच्यासोबत बरं कशाने वाटतं ते बघायचं. मला विचारशील तर दुसरी खूण जास्त भरवशाची.

आवडीनिवडींवरून निष्कर्ष काढू नकोस. नाटकांत स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या साड्या-दागिन्यांची बायका नक्कल करायच्या, पण रंगमंचावरून उतरल्यावर ते नारायणराव राजहंसच असत. मल्लखांबावर सरसर चढणारी मुलगी मुलगीच असते. आणि प्रेम कोणावर जडतं, हा प्रश्न पुन्हा वेगळाच.

वहीत तारखा घाल. डॉक्टरांच्या निकषातही ही विसंगती किमान सहा महिने टिकलेली असावी लागते. म्हणजे गणपती ते होळी धर. मग परळचं केईएम जवळ आहे, मानसोपचार विभागात केसपेपर काढ. वेड लागलंय का, अशी भीती नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत हे मानसिक विकारांमध्ये नाही. कोणी डॉक्टर 'हे घालवून देतो' म्हणाला तर उठून यायचं; असले उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्येच कळवलंय. लग्न लावून द्या म्हणजे सुटेल, असं म्हणणारे काका मात्र कुठल्याच आयोगाच्या हाताला लागत नाहीत.

बीड पोलिसांतले ललित साळवे तुला बातम्यांतून ठाऊक असतील. लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी ते न्यायालयापर्यंत गेले. 2018 मध्ये इथल्याच सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ते पोलीस दलातच पुरुष म्हणून परतले. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं होतं. तसं प्रत्येकाचं निघत नाही, बहुतेकांचे रिपोर्ट अगदी सर्वसाधारण येतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुझं वाटणं खोटं ठरत नाही, हे मनात पक्कं असू दे.

तोवर शरीराला शिक्षा नको. छाती दाबायला क्रेप बँडेज गुंडाळतात. श्वास कोंडतो, बरगड्या दुखावतात. घट्ट बांधून झोपणं, धावणं तर मुळीच नको. मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाने खाणं त्याहून वाईट, रक्ताच्या गाठी होऊ शकतात. केस, कपडे, जवळच्या एखाद्या मैत्रिणीने नव्या नावाने मारलेली हाक, हे करून बघ. जे परत फिरवता येतं, ते आधी.

सांगायचं तर आधी एकाच माणसाला सांग, ज्याने तुझं एखादं गुपित पूर्वी राखलंय त्याला. गणपतीत घर भरलेलं असताना नको, परीक्षेच्या आदल्या रात्रीही नको. घराबाहेर काढतील अशी धास्ती असेल तर आधी राहायची सोय बघ, मग तोंड उघड. आईला सांगताना मी सोबत हवी असेन तर बोलाव, येईन.

आणि एखाद्या रात्री जगणंच नको वाटलं, तर सकाळची वाट बघू नकोस. सरकारच्या टेलिमानसचा नंबर 14416 आहे, चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आत्ताच फोनमध्ये घालून ठेव.