वेठ, निर्णय आणि यंत्रमानव : एका वर्गातील अभ्यास

इतिहासाच्या शिक्षकाने यंत्रमानवावर लेख लिहावा, याचे स्मरणिकेच्या वाचकांस नवल वाटेल. आम्ही या विषयाकडे आलो ते एका शब्दाच्या वाटेने. कारेल चापेक या चेक लेखकाचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि जानेवारी १९२१ मध्ये प्रागच्या रंगभूमीवर आले. ‘रोबो’ हा शब्द तेथून जगभर गेला. त्याच्या मुळाशी असलेला चेक शब्द ‘रोबोटा’. जमीनदारासाठी कुळाने करावयाची सक्तीची मजुरी, म्हणजेच आपली वेठ. हे नववीच्या वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, म्हणजे वतनातल्या महारकीसारखंच ना?”

प्रश्न बिनतोड होता. वतनदार महाराला सरकारी कामासाठी रात्री-अपरात्री बोलावणे येई; तो घरी नसला तर घरातील दुसऱ्या कोणाला जावे लागे. ही बांधिलकी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने बेगार निषिद्ध ठरविली, आणि कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने संपण्यास १९५८ साल उजाडावे लागले. वेठ करणाऱ्याचे हातपाय त्याचे स्वतःचे असतात. ते केव्हा व कोठे हलवायचे, हे मात्र दुसराच ठरवितो. यंत्रमानवाच्या अभ्यासाचा पहिला प्रश्नही हाच असावा असे आम्हांस वाटते. हालचाल यंत्राची, पण निर्णय कोणाचा?

दोन उदाहरणे घेऊ. भूगावहून पुणे शहर ओलांडून पलीकडे गेले की दिघी लागते. तेथील संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत ‘दक्ष’ हे बॉम्ब निकामी करणारे वाहन तयार झाले व २०११ साली ते सैन्याकडे सोपविण्यात आले. ते जिना चढते, संशयास्पद वस्तू उचलते. पण सुमारे ५०० मीटर अंतरापर्यंत मागे बसलेला जवान त्याला चालवितो. म्हणजे दक्ष हा लांबवलेला हात आहे. याउलट २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चंद्रावर उतरताना ‘विक्रम’ला शेवटची काही मिनिटे कोणी चालवीत नव्हते. वेग, उंची आणि खालची खडकाळ जमीन स्वतः पारखून त्याने जागा निवडली. गंमत अशी, की त्याच्या पोटातून निघालेला २६ किलोंचा ‘प्रज्ञान’ पुन्हा बराचसा आज्ञाधारक होता. काही दिवसांनी ३ मीटर पुढे ४ मीटर व्यासाचा खड्डा आढळला, तेव्हा माघारी वळण्याची आज्ञा पृथ्वीवरून गेली. एकाच मोहिमेत स्वायत्तता अशी कमी-अधिक असते, कारण ती जेथे लागेल तेवढीच दिलेली असते.

वर्गातील आमची गाडी मात्र हातभरही नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांकडून ती करवून घेतली. पांढऱ्या फरशीवर काळी पट्टी चिकटविलेली, आणि गाडीच्या पोटाखाली पट्टीच्या दोन्ही बाजूंस एकेक सेन्सर. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली टाकतो. पांढरी फरशी तो परतविते, काळी पट्टी गिळते. डाव्या सेन्सरला काळे लागले, म्हणजे गाडी उजवीकडे सरकली आहे. तिने डावीकडे वळावे. पाहा, ठरवा, हला, पुन्हा पाहा. हे चक्र एका सेकंदात कितीतरी वेळा फिरते.

सकाळी गाडी सुरेख चाले. दुपारच्या तासाला मात्र पश्चिमेच्या खिडकीपाशी आली की पट्टी सोडून थेट भिंतीकडे जाई. मुलांनी सेल बदलले, तारा तपासल्या, एकमेकांना दोषही दिला. आम्हीही सेलच खराब असे ठामपणे सांगितले होते, हे येथे कबूल करतो. अखेर एका मुलीने सहज उन्हाच्या तिरिपेवर वही आडवी धरली, आणि गाडी वळणावर वळली. उन्हातही अवरक्त प्रकाश असतो. तो इतका की काळी पट्टीदेखील सेन्सरला पांढरी भासे. मग मुलांनी उपाय केला. दिवा बंद असताना एक मोजमाप, लगेच दिवा लावून दुसरे, आणि दोहोंची वजाबाकी. उन्हाचा वाटा त्यात निघून जातो. शिवाय काळ्या कागदाची झालर लावली. ‘यंत्र चुकत नाही’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही ही गाडी दाखवितो.

पुढचा तास अधिक रंगला. गाडीला समोरचा अडथळा ओळखणारा ध्वनिसेन्सर बसविला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जाऊन-येऊन लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचे आणि त्याचे निम्मे घ्यायचे. आता पट्टी म्हणते ‘पुढे चल’ आणि समोर ठेवलेले दप्तर म्हणते ‘थांब’. ऐकायचे कोणाचे? अमेरिकेतील एमआयटीत रॉडनी ब्रूक्स यांनी १९८६ साली मांडलेली रचना नेमकी येथे कामी येते. वर्तनाचे थर रचावेत, प्रत्येक थर सेन्सरशी थेट जोडलेला असावा आणि गरजेप्रमाणे एक थर दुसऱ्याला दाबू शकावा. मुलांनी ‘थांब’ला वरचे स्थान दिले. वाद बराच झाला, परंतु तो यंत्राने मिटविला नाही. मुलांनी मिटवून मग यंत्रात लिहिला.

“पण तिला कळतं का?” हा प्रश्न दरवर्षी येतो. ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास चाकांवरची दोन ‘कासवे’ केली होती. त्यांच्यात जणू दोनच मज्जापेशी, तरी ती उजेडाकडे जात, अडखळली तर वाट काढीत. आरशापुढे आली की स्वतःच्याच दिव्याकडे ओढली जाऊन नाचल्यासारखी हलत. पाहणाऱ्याला वाटावे, ओळख पटली! आम्ही मुलांना एवढेच सांगतो, सेन्सरवर बोट ठेवा आणि मग पाहा. बोट ठेवून पाहिलेला विद्यार्थी सहसा भुलत नाही.

या विषयाचा एक भाग आमच्या वस्त्यांशी थेट भिडतो. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरविली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यातच सारे आले. तिरुवनंतपुरमच्या तरुण अभियंत्यांनी केलेला ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव २०१८ पासून गटारे साफ करीत आहे. त्याचा हात आत उतरतो, कॅमेरा दाखवितो, वायूची नोंद होते आणि माणूस वर पडद्यासमोर उभा राहतो. स्वायत्ततेच्या मापाने तो ‘दक्ष’च्या रांगेतला, फार हुशार नव्हे. पण ज्याच्या हाती कालपर्यंत दोर आणि बादली होती, तो आज वर उभा राहून ठरवितो. आमच्या हिशेबी हे अंतर चंद्राएवढे आहे. यंत्र उपलब्ध असूनही माणूस उतरविला जातो, तेथे उणीव तंत्राची नसते.

यंदा मुलांनी स्वतःच काम निवडले आहे. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागची सांडपाण्याची नळी वरचेवर तुंबते आणि कोणाला तरी बाही वर करून हात घालावा लागतो. तुंबले कोठे, हे आत जाऊन सांगणारी गाडी त्यांना करायची आहे. सराव कोरड्या नळीत सुरू आहे. नळी ६ इंचांची, आणि गाडी अजून साडेसहाची आहे.