संकेतस्थळ समितीचे, मालकीही समितीचीच

म्हैसूर–हुणसूर मार्गावरील येलवाल हे गाव सप्टेंबर १९५७ मध्ये देशभर चर्चेत आले. आचार्य विनोबा भावे यांच्या उपस्थितीत तेथे ग्रामदान परिषद भरली. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद व पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू हेही तीत सहभागी झाले. जमिनीची मालकी व्यक्तीकडे न राहता गावाकडे असावी, हे ग्रामदानाचे सूत्र. वकील, डॉक्टर, अभियंते वा सनदी लेखापाल यांच्या स्थानिक समितीने संकेतस्थळ उभारताना मालकीचे हेच सूत्र ध्यानी ठेवणे हिताचे ठरते.

संकेतस्थळाची अंगे तीन : डोमेन नाव म्हणजे महाजालावरील पत्ता, होस्टिंग म्हणजे मजकुरासाठी भाड्याने घेतलेली जागा, आणि प्रत्यक्ष मजकूर. जागा बदलता येते, मजकूर पुन्हा लिहिता येतो. गेलेले नाव मात्र सहसा परत मिळत नाही. डोमेनची नोंदणी एका वेळी अधिकात अधिक १० वर्षांसाठी होते. नूतनीकरण राहून गेल्यास सवलतीच्या काळानंतर ते नाव कोणासही घेता येते.

बहुधा एखादा उत्साही सदस्य स्वतःच्या नावे व स्वतःच्या ई-मेलवर नोंदणी करून टाकतो. पुढे तो परगावी जातो. नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्याच्याच ई-मेलवर पडून राहतात. त्या परिचित पत्त्यावर उद्या कोणी भामट्याने वर्गणी भरण्याचे बनावट पान उघडले, तर सदस्य विश्वासाने पैसे भरतील.

समितीचे बँक खाते कोणी अध्यक्षांच्या व्यक्तिगत नावाने उघडत नाही. तीच शिस्त येथेही पाळावी :

१. कार्यकारिणीने ठराव करून नोंदणी समितीच्याच नावे करावी.

२. नोंदणीसाठी समितीचा स्वतंत्र ई-मेल असावा. तो त्याच डोमेनवरचा नसावा. अन्यथा डोमेन बंद पडताच स्मरणपत्रेही बंद होतात.

३. शुल्क समितीच्या खात्यातून भरावे व नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत नोंदवावी.

४. परवलीचा शब्द दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा व पदभार सोपविताना बदलावा.

५. सदस्यांचे दूरध्वनी क्रमांक त्यांच्या संमतीनेच प्रसिद्ध करावेत.

नाव निवडताना ‘.इन’ वा ‘.ऑर्ग’प्रमाणेच, २०१४ पासून उपलब्ध असलेल्या देवनागरी ‘.भारत’चाही विचार करता येईल. खरे-खोटे पत्त्यावरूनच ओळखता यावे, यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना ‘.बँक.इन’ हा राखीव पत्ता स्वीकारण्यास सांगितले. स्थानिक समित्यांना असे राखीव कुंपण नाही; आपले नाव त्यांना स्वतःच जपावे लागते.

पदाधिकारी येतात आणि जातात, समिती मात्र टिकते. म्हणून तिचा पत्ताही तिच्याच नावे असावा.