सुंता : विश्वास, आरोग्य आणि शेजारधर्म

वाचन : उत्पत्ति १७:९-१४, लूक २:२१, प्रेषितांची कृत्ये १५:१-२१, गलती ५:१-६

शब्बाथशाळेत लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय चालू होता. एकविसावे वचन येताच एका मुलाने विचारले, "बाई, सुंता म्हणजे काय?" शिक्षिकाबाई क्षणभर थबकल्या आणि पुढचे वचन वाचू लागल्या. त्याच वर्गात आठ वर्षांचा एक मुलगा बसला होता. महिन्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची हीच शस्त्रक्रिया झाली होती. वर्ग सुटल्यावर मोठ्या मुलांनी त्याला चिडविले, "तू आता आपल्यातला राहिला नाहीस!" संध्याकाळी त्याची आई आमच्याकडे आली. तिने एवढेच विचारले, "भाऊ, आमचं काही चुकलं का हो?"

तिला उत्तर देताना आमच्या ध्यानात आले की, पवित्र शास्त्रात हा शब्द आपण वारंवार वाचतो, पण त्याचा अर्थ क्वचितच शिकवितो. जे शिकविले जात नाही, त्याची मुले कुचेष्टा करतात. म्हणून या विषयाचा नीट विचार करू या.

१. शास्त्राची शिकवण

शिश्नाच्या टोकावरील त्वचा, म्हणजे अग्रत्वचा, कापून काढणे याला सुंता म्हणतात. अब्राहामाशी केलेल्या कराराची खूण म्हणून देवाने ती लावून दिली. त्या वेळी अब्राहाम ९९ वर्षांचा व इश्माएल १३ वर्षांचा होता. पुढे जन्मणाऱ्या मुलग्यांसाठी आठवा दिवस नेमण्यात आला. आपला प्रभू आणि प्रेषित पौल यांचीही सुंता आठव्या दिवशी झाली. परंतु केवळ देहावरील खूण पुरेशी नाही, अंतःकरणाची सुंता हवी, हे अनुवाद १०:१६ व यिर्मया ४:४ येथेही सांगितलेले आहे.

पुढे अंत्युखियाच्या मंडळीत वाद उपस्थित झाला. परराष्ट्रीयांची सुंता झाल्याशिवाय त्यांचे तारण नाही, असे काही जण शिकवू लागले. यरुशलेमेत प्रेषित व वडील जमले आणि हे जू परराष्ट्रीयांच्या मानेवर घालायचे नाही, असे ठरले. तरीही त्याच पौलाने यहूदी लोकांत सेवा सुलभ व्हावी म्हणून तीमथ्याची सुंता केली. तीताची मात्र करू दिली नाही. यात विसंगती नाही. एके ठिकाणी ती प्रीतीखातर होती, दुसऱ्या ठिकाणी तिला तारणाची अट केले जात होते.

गलती ५:६ हे वचन दोन्ही बाजूंना लागू आहे, हे आपण विसरतो. सुंता झाल्याने कोणी देवाच्या अधिक जवळ जात नाही, तसेच सुंता न झाल्यानेही जात नाही. मिसर व इथिओपिया येथील प्राचीन ख्रिस्ती मंडळ्यांत ही चाल आजही आहे. तेवढ्याने त्यांचा ख्रिस्तावरील विश्वास कमी होत नाही.

२. वैद्यकीय बाजू

तान्ह्या बाळाची अग्रत्वचा आतील भागास चिकटलेली असते. हे नैसर्गिक आहे. वाढत्या वयात ती हळूहळू सुटी होते. आंघोळ घालताना ती जोराने मागे ओढू नये. ओढल्यास जखम होऊन व्रण राहतो आणि नसलेला विकार जडतो. व्रणामुळे त्वचा आवळून मागे सरेनाशी झाली, वारंवार सूज येऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. याला फायमोसिस म्हणतात. पुष्कळ मुलांना केवळ मलमाने गुण येतो. न आल्यास सुंता करावी लागते. मागे गेलेली त्वचा सुजून अडकली, तर मात्र त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

सुंतेमुळे बालवयातील मूत्रमार्गाचा संसर्ग व पुढील आयुष्यातील शिश्नाचा कर्करोग यांचा संभव कमी होतो. पण हा कर्करोग मुळातच विरळा आहे, आणि स्वच्छतेनेही पुष्कळ साधते. रक्तस्राव व जंतुसंसर्ग हे धोके आहेत, म्हणून हे काम प्रशिक्षित हातांनी, निर्जंतुक साधनांनीच व्हावे. घराण्यात रक्त न गोठण्याचा विकार असल्यास आधी सांगावे. ज्या बाळाचे मूत्रद्वार टोकाऐवजी खालच्या बाजूस असते, त्याची सुंता करू नये. दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत तीच त्वचा उपयोगी पडते.

३. सार्वजनिक आरोग्य

दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथे तीन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष २००५ व २००७ साली प्रसिद्ध झाले. स्त्रीपासून पुरुषास होणारा एचआयव्हीचा संसर्ग सुंतेमुळे सुमारे ६० टक्क्यांनी कमी होतो, असे त्यांत आढळले. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली, जेथे हा संसर्ग फार आणि सुंता कमी, अशा प्रदेशांसाठी तिची शिफारस केली. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील देशांनी ती अंगीकारली. भारतात प्रौढांमधील प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असल्याने ही शिफारस आपल्याकडे तशीच लागू होत नाही. शिवाय ६० म्हणजे १०० नव्हे. बाधित पुरुषाची सुंता झाली म्हणून त्याच्या पत्नीचे रक्षण होत नाही. एकनिष्ठा, वेळेवर चाचणी आणि कंडोम यांची गरज कायम राहते.

४. आपले शेजारी

हैदराबाद, बेळगाव, बडोदे येथे आपल्या घराशेजारी मुसलमान बांधव राहतात. पैगंबरांची रीत म्हणून ते सुन्नत पाळतात. कोकणातील बेने इस्राएल समाज तर मराठीच बोलणारा. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे म्हणून ते 'शनवार तेली' म्हणून ओळखले गेले. त्यांनीही आठव्या दिवसाची सुंता पिढ्यान्‌पिढ्या जपली. या खुणेवरून कोणाची टवाळी करणे म्हणजे आपल्या प्रभूच्याही देहावर असलेल्या खुणेची टवाळी करणे होय.

त्या आईला आम्ही म्हणालो, "बाई, तुमचं काहीच चुकलं नाही. चुकलं ते आमचं. आम्ही मुलांना शिकवलं नाही." पुढच्या रविवारी शिक्षिकाबाईंनी तेच वचन पुन्हा काढले आणि साध्या शब्दांत अर्थ सांगितला. कोणी हसले नाही. चिडविणाऱ्यांपैकी एक जण त्या मुलाशेजारी जाऊन बसला.

चर्चेसाठी प्रश्न
१) तीमथ्य व तीत यांच्या बाबतीत पौल वेगवेगळा का वागला?
२) आपल्या मंडळीत कोणत्या बाह्य खुणांवरून आपण माणसे आपली-परकी ठरवितो?
३) हे वचन आपल्या वर्गातील मुलांना आपण कोणत्या शब्दांत समजावून सांगाल?