कोणता कपडा रोज, कोणता नाही

अंगातला कपडा किती दिवसांनी धुवावा या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना दिवसांत हवं असतं. शर्ट दोन दिवसांनी, जीन्स आठ दिवसांनी, चादर पंधरा दिवसांनी. हा हिशेब सोयीचा आहे, पण भंडारा जिल्ह्यात तो टिकत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना लाखनीहून भंडाऱ्याला दुचाकीवर येणाऱ्या माणसाचा शर्ट आणि त्याच माणसाने डिसेंबरच्या थंडीत घातलेला तोच शर्ट, आरोग्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे कपडे आहेत. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात दिवसभर भिजलेल्या लुगड्याला तर कसलंच वेळापत्रक लागू होत नाही. म्हणून मी तीन गोष्टी पाहायला सांगतो. कपडा अंगाच्या कोणत्या भागाला चिकटून होता, त्यात घाम किती मुरला, आणि मागच्या वेळी धुतल्यावर तो खरोखर पूर्ण वाळला होता का. ही कसोटी लावली की लक्षात येतं, आपल्या घरांत बरेच कपडे गरजेपेक्षा जास्त धुतले जातात आणि जे रोज बदलायलाच हवेत त्यांच्याकडेच हेळसांड होते.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरचे जीवाणू घामातले आणि त्वचेच्या तेलातले पदार्थ फोडतात, तेव्हा वास सुटतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांना व्यायाम करायला लावून त्यांचे घामेजलेले टी-शर्ट तपासले. पॉलिएस्टरचे टी-शर्ट सुती टी-शर्टपेक्षा जास्त उग्र वासाचे निघाले आणि वास निर्माण करणारे मायक्रोकॉकस जातीचे जीवाणू पॉलिएस्टरवर अधिक फोफावलेले दिसले. सुती धागा घाम आत शोषून घेतो, पॉलिएस्टर तो पृष्ठभागावर धरून ठेवतं. बाजारात स्वस्तात मिळणारे टी-शर्ट, लेगिंग आणि मुलांचे खेळाचे कपडे बहुतेक याच धाग्याचे असतात, म्हणून उन्हाळ्यात ते एकदा घातले की धुवावेत. तरीही वास हा मुख्यतः लाजेचा विषय आहे, आजाराचा फार थोडा. आजार येतो तो ओलाव्यातून, आणि तोही ठरावीक जागी: जांघा, काखा, स्तनांखालची घडी, बोटांच्या बेचक्या आणि कमरेवरचा परकराच्या नाडीचा पट्टा.

या जागांवर आज सगळ्यात जास्त दिसणारा आजार म्हणजे गजकर्ण. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतभर त्याने वेगळंच रूप घेतलं आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जाणारं गजकर्ण आता महिनोन्‌महिने हटत नाही आणि एकाच घरात तिघा-चौघांना होतं. यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’ हे वेगळं नाव मिळालं. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध नीट चालत नाही. औषध दुकानातून विचारून आणलेल्या, स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूबने हा प्रश्न आणखी चिघळला. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. स्टिरॉइडची अनेक मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ती सर्रास मागितली जातात. कपड्यांचा संबंध इथे येतो. गजकर्णाच्या चट्ट्यावरून झडणाऱ्या त्वचेच्या बारीक कोंड्यात बुरशीचे बीजाणू असतात आणि ते कापडात महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात. गोळ्या चालू आहेत, पण तीच चड्डी दोन दिवस अंगात आहे, टॉवेल घरभर एकच आहे आणि सगळ्यांचे कपडे एकाच बादलीत भिजताहेत, अशा घरात औषधाला फार कष्ट पडतात. चड्डी, बनियन, ब्रा, मोजे आणि घामाच्या दिवसांत ब्लाऊज व परकर हे एकदा घातले की धुवायचे, यावर माझ्याकडे सूट नाही. रोवणीत किंवा मे महिन्यात ते दिवसातून दोनदा बदलले तर उत्तम. आपल्याकडे उन्हापासून बचावासाठी डोक्या-तोंडाला बांधायच्या दुपट्ट्याचंही तेच. दिवसभर तोच घाम पुसतो, तोच नाकावर असतो, तोच दुसऱ्याला बांधायला दिला जातो. तो रोज धुवावा आणि प्रत्येकाचा वेगळा असावा.

भंडारा जिल्ह्यासाठी या आग्रहाला आणखी एक कारण आहे. पूर्व विदर्भ हा हत्तीरोगाचा जुना पट्टा आहे. डासांमार्फत पसरणाऱ्या या आजारासाठी घरोघरी गोळ्या खाऊ घातल्या जातात, त्या जरूर घ्याव्यात. पण ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांची सूज वाढते ती बहुतेकदा त्वचेतून शिरणाऱ्या जीवाणूंमुळे. बोटांच्या बेचक्यात बुरशीने चीर पडते, तिच्यातून जीवाणू आत जातात, थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो आणि प्रत्येक अशा झटक्यानंतर सूज थोडी कायमची वाढते. अशा माणसाने पाय रोज साबणाने धुऊन, घड्यांच्या आतपर्यंत टिपून कोरडा करायचा असतो. त्याच पायावर ओलसर मोजा, चिखलाने भिजलेला पायजमा किंवा ओला साडीचा काठ तासन्‌तास राहिला, तर सकाळचे कष्ट वाया जातात.

आता आक्षेप. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने पंधरा महिने न धुतलेली जीन्स वापरली. २०११ मध्ये त्याच्या प्राध्यापक रेचल मॅकक्वीन यांनी तिच्यावरचे जीवाणू मोजले. मग जीन्स धुऊन पुन्हा तेरा दिवस वापरल्यावर मोजले, तर दोन्ही वेळचे आकडे जवळपास सारखे होते आणि सापडलेले जीवाणू त्वचेवर एरवी असणारेच होते. मग रोज धुण्याचा आग्रह कशाला, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. जीन्सपुरतं मी ते मान्यही करतो. पण तो एकच निरोगी तरुण होता, देश थंड होता, आणि सगळ्यात जास्त जीवाणू जांघेच्या जागीच सापडले होते. त्या प्रयोगातून वरच्या जाड कपड्याबद्दल धीर घ्यावा, आतल्या कपड्याबद्दल नाही. जीन्स, जाड पॅन्ट, स्वेटर, जाकीट हे त्वचेच्या घड्यांना थेट लागत नाहीत. पाच-सहा वेळा वापरून जीन्स आणि हिवाळाभरात दोन-तीनदा स्वेटर धुतला तरी आरोग्याचं काही बिघडत नाही, फक्त अंगातून काढल्यावर घडी न घालता तासभर हवेवर टांगावा. लग्नात दोन तास नेसलेली कोशाची साडी तर धुवूच नये. सावलीत हवा देऊन मग ठेवावी.

इतिहासही हाच फरक दाखवतो. ट्युनिसमध्ये टायफस तापाचे रोगी दवाखान्याच्या दारापर्यंत इतरांना आजार देत आणि आत गेल्यावर देत नसत, हे फ्रेंच डॉक्टर शार्ल निकोल यांच्या लक्षात आलं. दारात रोग्यांचे कपडे उतरवून त्यांना आंघोळ घातली जाई, आणि ते कपडे हाताळणारे कर्मचारी आजारी पडत. १९०९ मध्ये त्यांनी प्रयोगाने सिद्ध केलं की हा आजार कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या उवांमार्फत पसरतो. या कामासाठी त्यांना १९२८ चं नोबेल मिळालं. अंगाला लागून असलेला कपडा बदलणं आणि धुणं यात माणसं वाचवण्याची ताकद आहे ती अशी. कपाटातल्या प्रत्येक कपड्याला रोज पाण्यात बुडवण्याशी तिचा संबंध नाही.

दुसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा असतो. आंघोळीनंतर पारोसा कपडा अंगाला लावू नये, म्हणून उतरवलेलं सगळं धुण्यात टाकायचं. या रीतीतला अर्धा भाग मला मोलाचा वाटतो, कारण आतले कपडे रोज बदलण्याची सवय त्यातूनच टिकली. उरलेल्या अर्ध्याची किंमत कोण मोजतं तेही बघावं. ते धुणं बहुतेक घरांत बाईच्या हातावर पडतं. दोन तास साबणाच्या पाण्यात राहिलेल्या हातांना भेगा पडतात, बोटांना इसब होतं, कंबर धरते. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर धुणं असेल तर साबणातलं फॉस्फेट पाण्यात जाऊन पाणवनस्पती माजतात, आणि त्याच तलावावर ढिवरांची मासेमारी चालते. पावडर जास्त टाकून नीट न खंगाळलेल्या कपड्याने अंग खाजतं ते वेगळंच. कमी कपडे धुवा आणि जे धुवाल ते दोन पाण्यांतून काढा. पाण्यात अँटिसेप्टिकचे चार थेंब टाकण्याने बुरशीचे बीजाणू मरतील हा भरवसा धरू नका.

बीजाणू मारायला उष्णता लागते. इस्रायलमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी बुरशी झालेल्या रुग्णांचे मोजे तपासले, तेव्हा ४० अंशाच्या पाण्यात धुतलेल्या अनेक मोज्यांत बुरशी जिवंत राहिली, ६० अंशाच्या पाण्यात जवळजवळ सगळी गेली. त्यांनीच पुढे असे मोजे सलग तीन दिवस उन्हात ठेवून पाहिले आणि बुरशीत मोठी घट झाली. आपल्याकडे ६० अंशाचं मशीन थोड्या घरांत असेल, ऊन मात्र वर्षातले आठ महिने भरपूर आहे. तेच नेमकं आतल्या कपड्यांना मिळत नाही. दोरीवर शर्ट, साड्या, चादरी ऐटीत वाळतात. बाईची ब्रा आणि निकर मात्र साडीच्या पदराखाली, न्हाणीघरातल्या खिळ्यावर किंवा पलंगामागे टांगलेली असते, कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून. पाळीच्या कापडाचं तर त्याहून वाईट. ज्या कपड्यांना उन्हाची सगळ्यात जास्त गरज, तेच सगळ्यात अंधारात आणि अर्धवट वाळून पुन्हा अंगावर चढतात. ही लाज मोडावी अशी माझी कळकळीची विनंती आहे, विशेषतः घरातल्या पुरुषांना. अंगणात एक दोरी अशी बांधा, जिथे घरातल्या प्रत्येकाचा आतला कपडा उलटा करून, एकेरी, थेट उन्हात वाळेल.

पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा धुतलेल्या कपड्यालाही कुबट वास येतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी त्याचं मूळ मोराक्सेला ऑस्लोएन्सिस या जीवाणूत शोधलं. तो साध्या धुण्यातून वाचतो आणि कपडा हळूहळू वाळत असताना वाढतो. निरोगी माणसाला त्याचा त्रास सहसा होत नाही, पण तो वास म्हणजे कपडा फार वेळ ओला राहिल्याची खूण आहे. अशा दिवसांत धुणं कमी काढा, आतले कपडे सुती आणि पातळ ठेवा, गरम पाण्यात भिजवा, पंख्याखाली वाळवा आणि घालण्याआधी शिवणींवरून कडक इस्त्री फिरवा. परकराचा नेफा बोटांनी चिमटून पाहावा. बाकी परकर कोरडा लागला तरी नाडी असलेली ती दुमड सगळ्यात शेवटी वाळते, आणि कमरेवरचं गजकर्ण बहुधा तिथूनच सुरू होतं. शाळकरी मुलांचे गणवेश एक-दोनच असतात. गणवेश दोन दिवस चालेल, आत सुती बनियन आणि चड्डी रोज बदला, एवढ्याने भागतं. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा आणि रोज उन्हात, दोन-तीन दिवसांनी धुतलेला. उशीची खोळ आठवड्याला. घरात खरूज असेल तर सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावून कपडे-चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. जे धुता येत नाही ते चार दिवस पिशवीत बांधून ठेवलं तरी चालतं, कारण खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही.

कामाच्या कपड्यांना मात्र यातली कुठलीच सवलत नाही. धानावर तुडतुड्यासाठी फवारणी केली की ते कपडे घरात न नेता बाहेरच उतरवावेत, वेगळ्या बादलीत हातमोजे घालून धुवावेत आणि ते पाणी तलावात जाऊ देऊ नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर तरी कीटकनाशकाने भिजलेला शर्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगात घालू नये. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत काम करणाऱ्यांनी खाणीतले कपडे लेकराला उचलून घेण्याआधी बदलावेत. घरी विड्या वळणाऱ्या बायांनी तंबाखूच्या भुकटीने माखलेल्या कपड्यांनी स्वयंपाकाला बसू नये.

आणि निंदण, गवत कापणी किंवा धुऱ्यावर बसणं झालं असेल, तर त्याच संध्याकाळी कपडे धुणं आणि अंग घासून आंघोळ करणं टाळू नका. कपडे झुडपांवर किंवा गवतावर वाळत टाकू नका. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरसह पूर्व विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण वाढले होते. गवतातल्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून हा ताप येतो. ती अळी कपड्यावरून चढते आणि जिथे कपडा घट्ट बसतो तिथे थांबते. चाव्यानंतर सुमारे एक-दोन आठवड्यांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. अशा वेळी आरोग्य केंद्रात गेल्यावर शेतात काम केल्याचं आवर्जून सांगा. डॉक्सीसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध वेळेत मिळालं तर रुग्ण लवकर सावरतो, उशीर झाला तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. चाव्याच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग पडतो, पण तो दुखत नाही आणि खाजतही नाही, म्हणून रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. काखेत, जांघेत, स्तनांखाली आणि कमरेच्या पट्ट्यावर तो घरच्या कोणीतरी उजेडात नीट पाहून द्यावा.